ग्रुपॉन: गिऱ्हाइकाची चंगळ, दुकानदाराची पदरमोड

ग्रुपॉन म्हणजे हॉटेलं-दुकानांची सवलतीची कूपनं ऑनलाइन विकणारी कंपनी. गिऱ्हाईक म्हणून तिच्यात खोट काढणं अवघड. 2008 साली शिकागोत पहिलं कूपन निघालं ते एका पिझ्झ्याच्या पैशात दोन पिझ्झ्यांचं, आणि सेवा आजही तितकीच सोपी आहे: पैसे आधी भरा, कूपन दाखवा, जेवा. पण 2011 च्या आसपास गाजलेल्या वेब-स्टार्टअपांत फुगा किती होता, हे बघायचं तर दुकानदाराच्या गल्ल्यामागे उभं राहायला हवं.

समजा, 40 डॉलरचं जेवण आहे. कूपन 20 डॉलरला. त्यातले साधारण निम्मे ग्रुपॉनचे. हॉटेलच्या हाती उरले 10, तेही हप्त्याहप्त्याने. कच्चा माल 30 टक्के धरला तरी 12 डॉलर होतात. म्हणजे भाडं, पगार, वीज हिशोबात न घेताच ताटामागे 2 डॉलर पदरचे गेले. गिऱ्हाइकाने कूपनाबाहेरचं काही मागवलं, किंवा पुढच्या वेळी पूर्ण दराने आलं, तरच हे भरून निघतं. तिथेच घोडं पेंड खातं. सवलतीला आलेला माणूस सवलतीमागेच पुढच्या दुकानात जातो, आणि नेहमीचं गिऱ्हाईकसुद्धा तेच कूपन पुढे करतं.

मसाज, योगवर्ग, केशकर्तन यांना मात्र हे परवडू शकतं. मंगळवारी दुपारी रिकामी राहणारी खुर्ची भरली तर जादा खर्च नाममात्र. शनिवार-रविवार वगळायचे, एका माणसाला एकच कूपन द्यायचं आणि मुख्य म्हणजे एकूण कूपनांना मर्यादा घालायची. इंग्लंडमधल्या रेडिंग भागातल्या एका बेकरीने 2011 मध्ये मर्यादा घातली नाही. 26 पौंडांचे डझनभर कपकेक साडेसहाला, 8,500 जणांनी घेतले. 1,02,000 कपकेक! बाहेरून माणसं आणून भट्टी चालवावी लागली आणि दर डझनामागे अडीच-तीन पौंडांचा घाटा झाला.

कंपनीच्या स्वतःच्या वहीतही हीच गंमत. 2011 च्या जूनमध्ये शेअर विक्रीसाठी दिलेल्या कागदपत्रांत तिने नफ्याचं एक खास माप वापरलं, ज्यात नवीन गिऱ्हाईक मिळवण्याचा जाहिरातखर्च धरलाच नव्हता. त्या मापाने 2010 सालचा नफा 6 कोटी डॉलर. नेहमीच्या हिशोबाने 42 कोटींचा परिचालन तोटा. उत्पन्नही कूपनाच्या पूर्ण किमतीवर मोजलं होतं. फक्त स्वतःचा वाटा धरल्यावर 71 कोटींचे 31 कोटी झाले. एवढं सगळं उघड असताना नोव्हेंबरात शेअर 20 डॉलरला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी 26 च्या वर बंद झाला. वर्षभराने तो तीन डॉलरच्या खाली होता. शेअरबाजार हे आकडे वाचत नव्हता असं नाही, त्याला ते वाचायचे नव्हते. माझ्या मते फुग्याची खूण मूल्यांकनाच्या आकड्यात नसते, ती अशा सोयीच्या मापात असते.

भारतातही ही तऱ्हा पाहायला मिळाली. 2013 च्या सप्टेंबरात कांदा कडाडला तेव्हा ग्रुपॉन इंडियाने 9 रुपये किलोने घरपोच कांदा काढला. 44 मिनिटांत 3,000 किलो संपले. गाजावाजा चिक्कार झाला. पण 9 रुपयांत कांद्याचे पैसे सोडाच, किलोभर माल दारात पोचवायचा कुरिअरसुद्धा सुटत नाही.