करवीरची मोफत शाळा: पाचपैकी साडेतीन

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थान; तिथल्या मोफत शाळेसारख्या शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी सेवेला तारे द्यायचे तर आधी एक ठरवायला हवं: 'मोफत' म्हणजे नेमकं काय माफ? फी गेली, पण गुरं राखणारा पोरगा शाळेत बसला की गुरांमागे कोण जाणार आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, हा खर्च घराच्याच माथी राहतो. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. अस्पृश्य पोराला शाळेत घेतलं, पण बसवलं कुठे? वर्गात, की ओसरीवर?

या दोन कसोट्यांवर आधीचे नमुने पाहू. बडोदा संस्थानाची सेवा सर्वांत जुनी. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 साली कायदा संस्थानभर लागू केला. मुलांसाठी वय 7 ते 12, मुलींसाठी 7 ते 10. आधी थोड्या गावांत चालवून पाहायचं आणि तेरा वर्षांनी सगळीकडे न्यायचं, ही पद्धत शहाणपणाची होती. मुलींना दोन वर्षं कमी का, हे मात्र पटत नाही. अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, शाळा वेगळ्या होत्या आणि तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत नसल्यामुळे मुसलमान शिक्षक नेमावे लागले. म्हणजे दार उघडलं, पण दुसऱ्या गल्लीतलं. पाचपैकी तीन.

ब्रिटिश मुलखाची सेवा बराच काळ नुसती जाहिरातच होती. 1856 साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो दिला नाही. सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या, हे तत्त्व पुढे कागदावर मान्य झालं, पण गावातल्या शाळेची ओसरी काही हलली नाही. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, तेही बेताचंच: 6 ते 10 वयाचे मुलगे, आणि तेही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तिथेच. मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. जे बाजारातच आलं नाही त्याला तारे कुठून देणार?

आता कोल्हापूर. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पहिली शाळा 4 मार्च 1918 रोजी चिखली गावी सुरू झाली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. सेवेचा कच्चा दुवा हाच. शेतमजुराला त्या काळी रुपया जड होता, आणि ज्याच्या घरी पोराच्या हातांची सर्वांत जास्त गरज, दंडही त्याच्याच दारी येण्याचा संभव. सावकाराचा मुलगा तसाही शाळेत जातच होता. दंडाऐवजी सुगीच्या हंगामात वेळ बदलली असती तर हजेरी अधिक टिकली असती, असं आमचं मत. यासाठी एक तारा वजा.

पण करवीरच्या सेवेचा खरा कस 1917च्या कायद्यात नाही, 1919च्या हुकमात आहे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांची मुलं नेहमीच्या सरकारी शाळांत शिवाशिव न पाळता घ्या, असा तो हुकूम. याचं वजन कळायला 1882 सालात डोकवावं लागतं. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, शिक्षकाला 12 रुपयांहून कमी पगार नको आणि मोठ्या गावांत 15 ते 20 हवा, असं सांगितलं. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध (देवनागरी) लिपी, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान. इतकी बारीक मागणी करणाऱ्या फुल्यांनाही महार-मांगांची वस्ती मोठी असेल तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा मागाव्या लागल्या, कारण लोक त्यांना नेहमीच्या शाळेत बसूच देत नव्हते. सदतीस वर्षांनी कोल्हापूरने तीच तडजोड मोडीत काढली. बडोद्याहून जास्तीचा अर्धा तारा आम्ही यासाठीच देतो.

उरलेला अर्धा कुठे गेला? प्राथमिक शाळा गावात, हायस्कूल शहरात. पुढे शिकायचं तर कोल्हापुरात राहायला जागा हवी. ती सोय संस्थानाने फार लवकर केली: 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुसलमान मुलांची वसतिगृहं, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्याविना खेड्यातल्या पोराचं शिक्षण गावच्या शाळेपाशीच संपलं असतं. पण ही वसतिगृहं जातवार होती, आणि 1919च्या हुकमाने बाक एक केला तरी पंगत वेगळीच राहिली.