जुनी जिप्सी किंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मारुतीची छोटी फोर बाय फोर जीप, 2000 नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन), 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, 80 बीएचपी. आठ महिने घाट, शेतरस्ते आणि एक अख्खा पावसाळा झाल्यावर मत पक्कं झालंय: जुनी जिप्सी घेताना बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं. इंजिन चिवट आहे, मारुतीचा कुठलाही मिस्त्री ते उघडतो. खरा खर्च गाडीच्या पोटाखाली असतो.

आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट, बॉडी माउंट आणि समोरच्या काचेच्या फ्रेमचे खालचे कोपरे सोडू नका. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर तिथे दुप्पट वेळ द्या. किनारपट्टीवर वापरलेली गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय भावाचं बोलूच नये. फ्लोअरचा पत्रा बदलता येतो. चासीवर वेल्डिंगची ठिगळं असतील तर ती गाडी नकोच.

आता फोर बाय फोर. विकणारा लिव्हर टाकून दाखवतो, तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. सपाट जागी पुढचं एक चाक जॅकवर उचला, बाकीच्यांना दगड लावा, इंजिन बंद. लिव्हर 4एचमध्ये (चारही चाकांना जोर), आणि फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलला जोडायची-सोडवायची कळ) असतील तर दोन्ही लॉक. उचललेलं चाक हाताने फिरवा: किंचित हलून ते अडकलं पाहिजे. मोकळं फिरलं तर हब, एक्सल किंवा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी), कुठेतरी जोड तुटलाय. मग लिव्हर 2एचला (फक्त मागच्या चाकांना जोर) आणा. चाकाबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून पुढच्या एक्सलकडे जाणारा दांडा) फिरताना बाजूने वाकून दिसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका. हब फ्री केले की शाफ्ट थांबला पाहिजे.

चाक वर आहेच तर ते वरून आणि खालून धरून हलवा. खुळखुळलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खुळखुळ गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिनची (चाक ज्या खुंटीवर वळतं तिची) बेअरिंग. वेगात स्टिअरिंग थरथरण्याचं मूळ बरेचदा इथेच असतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून ही थरथर झाकता येते, म्हणून नवा डॅम्पर दिसला की शंका घ्यावी. नकलच्या गोळ्यावर (पुढच्या चाकामागचा वळणारा सांधा) ग्रीस आणि ऑइलचा पातळ चिखल साचला असेल तर आतले सील गेलेत.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधले दोन डिफरन्शियल (वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), चौघांचं ऑइल वेगळं भरावं लागतं. प्रत्येकाचा भरायचा नट उघडून बोट बुडवा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय, चकाकणारी कचकच म्हणजे गिअर झिजतायत. ऑइल बदलताना आधी भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल तर रिकामी गाडी जागेवरच अडकते.

चाचणी मऊ मातीवर. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे डांबरावर फोर बाय फोर टाकून वळलं की सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. 4एलमध्ये (चारही चाकांना जोर, संथ गिअर) उतारावर ॲक्सिलरेटर सोडा. लिव्हर आपोआप बाहेर पडला तर ट्रान्स्फर केस उघडावी लागणार. गाडी सुटताना खालून ‘टक’ आलं तर बहुधा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, ते काम तुलनेने स्वस्त. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

वापराचं सांगायचं तर पाटे कडक आहेत, मागे बसणाऱ्याचे हाल होतात. शहरात 9 ते 10, हायवेला 12 चं ॲव्हरेज मिळतं. पण जेमतेम एक टन वजनामुळे चिखलात जड गाड्या रुततात तिथून ही निघून जाते, आणि त्यासाठीच ती घ्यावी.

बॉनेट आता उघडा, इंजिन गार असताना. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च भावातून वजा करा. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. 15 वर्षं उलटली असतील तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरलाय का ते आधी बघा, टोकन नंतर.