उसापासूनचं स्क्वालेन तेल: पाच तारे, लेबलसाठी

हिवाळ्यात माझ्या गालांची सालपटं निघतात. ओल्या चेहऱ्यावर या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. वास नाही, चिकटपणा नाही, नाकाजवळची त्वचाही मऊ राहते. ड्रॉपर मात्र गळका आहे.

पण पाच तारे देतेय ते ‘स्रोत: ऊस’ या ओळीसाठी. हाच घटक वर्षानुवर्षं खोल समुद्रातल्या गल्पर शार्कच्या यकृतातून येत आलाय. मोठ्या हिरव्या डोळ्यांचा हा मासा. इतर माशांसारखी हवेची पिशवी त्याला नसते, तेलानं भरलेलं भलंमोठं यकृतच त्याला पाण्यात तोलून धरतं. आणि नेमकं त्याच्यासाठीच त्याला मारतात! मादीला एका वेळी मोजकीच पिल्लं होतात, काही जातींत तर एकच, तेही सुमारे दोन वर्षांच्या गर्भारपणानंतर. घटलेली संख्या भरून यायला दशकं लागतात. युरोपीय संघानं २०१० मध्ये खोल समुद्रातल्या शार्कचा कोटा शून्यावर आणला, तो उगाच नाही.

आधीच्या एका क्रीमवर नुसतंच ‘स्क्वालेन’ छापलं होतं. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. मी ते वापरणं सोडलं. तुमच्या बाटलीवर ऊस किंवा ऑलिव्ह असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर घेण्याआधी विचाराच.