सिस्टरांचं सेवागृह, इंदूर : पाचपैकी साडेतीन तारे

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, एमवाय या सरकारी रुग्णालयातून 'घरी न्या' म्हणून सांगितलंय आणि घरी सांभाळणं शक्य नाही, अशा रुग्णांसाठी सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनी, चालवतात ते हे घर. फी नाही. नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की बोलणं मॉर्फिनवरून, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधावरून, धर्मावर घसरतं, आणि इथे आधी मॉर्फिनचंच बोलायचं आहे.

अशा घरांवर सेक्युलर मंडळींची सगळ्यात वजनदार टीका वेदनेवरूनच झाली. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी मदर तेरेसांच्या कोलकात्यातल्या मरणासन्नांच्या घराबद्दल लिहिलं. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांचं कौतुक केलं. पण जोरकस वेदनाशामक नाही, आणि बरा होण्यासारखा कोण, न होण्यासारखा कोण हे ओळखायची साधी पद्धतही नाही, असं नोंदवलं. त्यावरून प्रश्न आला की दुःख म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखातला वाटा मानणाऱ्यांना ते कमी करायची घाई का असावी? प्रश्न रास्त आहे, पण सगळा दोष श्रद्धेवर ढकलता येत नाही. दुसरा उपाय नसेल तर आयुष्य थोडं कमी झालं तरी वेदनाशामक द्यायला हरकत नाही, असं पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं. आणि घड्याळ लावून मॉर्फिन देण्याची पद्धत रुजवणाऱ्या सिसिली सॉन्डर्स स्वतः कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती. लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे असंच मरणासन्नांचं सेवागृह, त्यांनी १९६७ मध्ये उघडलं.

तेव्हा इथे गेल्यावर भिंतीवरचा क्रूस नंतर बघा, आधी पलंगाला लटकवलेला चार्ट बघा. तोंडाने घ्यायची मॉर्फिन दर चार तासांनी लागते: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. सुरुवात साधारण ५ ते १० मिलिग्रॅमने होते. म्हाताऱ्या माणसाला कमी, मूत्रपिंड कमजोर असेल तर अंतरही जास्त. मधेच कळ आली तर दिवसभराच्या एकूण डोसचा सहावा भाग वेगळा द्यायचा. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी सोबत हवीच, नाहीतर चौथ्या दिवशी पोट फुगतं आणि दोष मॉर्फिनला मिळतो. इथे दिवसाचा चार्ट चोख आहे. रात्रपाळीला मात्र 'मागितलं तर देऊ' असं चालतं. गोंधळ नेमका तिथेच होतो, कारण कळ वर चढल्यावर दिलेला डोस कमी पडतो आणि मग रुग्णच 'सहन होत नाही याला' म्हणून बदनाम होतो. अर्धा तारा इथे गेला.

औषध संपण्याचं कारण वेगळं. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी नोंदवही आणि जबाबदार डॉक्टरची सही लागतेच. तो डॉक्टर सुट्टीवर असेल तर साठा कपाटात आणि रुग्ण पलंगावर. म्हणून सोमवार ते शुक्रवार दाखल करा.

निगा उत्तम. दर दोन तासांनी कूस बदलतात, वास येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून टाकतात, पातळ खिचडी चमच्याने भरवतात. याबाबत इंदूरमधल्या पैसे घेणाऱ्या कित्येक जागांना लाज वाटावी.

आता प्रार्थना. सकाळ-संध्याकाळ वॉर्डातच होते, स्पीकरवर. मध्य प्रदेशात या विषयाचं कागदी ओझं जुनं आहे: मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल, १९६८ चा धर्म स्वातंत्र्य कायदा, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे असं सांगणारा १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग २०२१ चा नवा कायदा. पण 'धर्म बुडतोय' ही तक्रार आणि सेक्युलर तक्रार एक नाहीत. दुसरीचं म्हणणं इतकंच, की अंथरुणाला खिळलेल्याचा होकार मोकळा नसतो. अन्नछत्रातही श्लोक म्हणूनच घास उचलतात, त्यावर कोणी बोट ठेवत नाही, हे खरं. पण तिथला माणूस जेवून उठून जातो, इथला उठू शकत नाही. धर्म बदलायला सांगतात असं काही दिसलं नाही. स्पीकर बंद करून बाजूच्या खोलीत प्रार्थना केली तर हा आक्षेप निम्म्याने उतरेल. आणखी अर्धा तारा वजा.

दाखल करताना फॉर्मवर तीन गोष्टी लिहूनच द्या: प्रार्थनेत सहभाग हवा की नको, शेवटच्या क्षणी कोणताही विधी करायचा असेल तर आधी फोन कोणाला, आणि अंत्यविधी कोणत्या पद्धतीने, देह कोण ताब्यात घेणार. हे रकाने छापील फॉर्मवर नाहीत, मागच्या बाजूला हाताने लिहावे लागतात. सिस्टर विनातक्रार सही करतात. सोबत डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, आधार आणि दोन नातेवाइकांचे नंबर.

उरला पैसा. दान मागत नाहीत, दिलं तर पावती लगेच. आयकरात सवलत हवी असेल तर रोख ₹२,००० च्या वर देऊ नका, चेक द्या. परदेशातून निधी घेणाऱ्या संस्थेला दरवर्षी एफसी-४ विवरण भरावं लागतं, ते मागायला लाजू नका. इथे ताळेबंद दाखवतात, पण औषधं, पगार, किराणा सगळं 'सेवाकार्य' या एकाच ओळीत कोंबलेलं. टीकाकारांना यापेक्षा सोपं खाद्य मिळायचं नाही. औषधांचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवला तर हा तिसरा अर्धा तारा परत देता येईल.

केमो चालू असेल किंवा निदानच झालेलं नसेल तर इथे आणू नका. तपासणीची सोय नाही, डॉक्टरही आठवड्यातून दोनदाच येतो. अशांनी आधी कॅन्सर हॉस्पिटलची ओपीडी गाठावी.