पिनियन सी१.१२ गिअरबॉक्स की शिमानो डिओर १२-स्पीड: माउंटन बाइकवर काय घ्यावं?

माउंटन बाइकवरचा सगळ्यात नाजूक भाग सगळ्यात वाईट जागी लटकतो. तो म्हणजे डिरेलर, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा. त्याचा पिंजरा जमिनीपासून वीतभरही वर नसतो. दगड, काटक्या, चिखल सगळं आधी त्यालाच लागतं. गिअरबॉक्सवाल्यांचा मुद्दा सरळ आहे: गिअर तिथून काढा, क्रँकपाशी एका बंद डब्यात घाला. मुद्दा बरोबर आहे. प्रश्न त्या बदल्यात काय सोडावं लागतं याचा आहे, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात नेमकं तेच नीट लिहिलेलं नसतं.

तुलनेसाठी दोन ठोस गोष्टी घेऊ. एक, पिनियनचा सी१.१२. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या डेन्केन्डॉर्फची ही कंपनी पोर्शमध्ये काम केलेल्या दोन इंजिनिअरांनी २००८ मध्ये सुरू केली. डब्याचं आवरण मॅग्नेशियमचं, वजन २.१ किलो, १२ गिअर. दुसरी, शिमानोचा डिरेलर संच डिओर एम६१००, १०-५१ कॅसेटसह (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, इथे १० ते ५१ दातांचा). शिमानोचंच महागडं एक्सटीआर मुद्दाम घेतलेलं नाही, कारण बहुतेकांच्या सायकलीवर डिओरच असतं आणि ते उत्तम चालतं.

रेंजमध्ये, म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमधल्या पटीत, पिनियन पुढे आहे: ६०० टक्के, डिओरची ५१०. कागदावर हा फरक कळत नाही, म्हणून हिशोब करून पाहू. डिओरला पुढे ३२ दात लावले तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये क्रँकच्या एका फेरीत चाक ०.६३ वेळा फिरतं. २९ इंची चाकावर सायकल साधारण १.४४ मीटर पुढे जाते. पिनियनला पुढे-मागे सारखेच दात ठेवले तर पहिल्या गिअरमध्ये चाक ०.५५ वेळा फिरतं, म्हणजे १.२६ मीटर. उभ्या, सुट्या मुरमाच्या चढावर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो. वरच्या टोकाला दोन्ही जवळपास सारखे.

पिनियनच्या पायऱ्याही एकसारख्या, प्रत्येक गिअरला १७.७ टक्के. डिओरमध्ये १० वरून १२ दातांवर जाताना २० टक्क्यांची उडी, तर १६ वरून १८ वर फक्त १२.५ टक्के. पण डोंगरात चालवताना याचा त्रास फारसा होत नाही. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एकाच लयीत पॅडल मारणाऱ्याला तो जास्त जाणवेल.

खरा फरक गिअर बदलण्यात आहे. पिनियनच्या आत सगळी दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात. शाफ्टमधली छोटी खिटी बाहेर येऊन कुठल्या चाकाला पकडते, त्यावर गिअर ठरतो. म्हणून थांबलेल्या सायकलीवर किंवा पॅडल न मारता उतारावर असतानाही गिअर बदलता येतो, आणि एका झटक्यात पाच-सहा गिअर ओलांडता येतात. उताराच्या वळणामागून अचानक चढ आला तर हे वरदानच आहे. डिरेलरवर अशा वेळी चेन कुरकुरत एकेक चकती चढते, तोवर सायकल उभी राहिलेली असते.

आता उलट बाजू. जड गिअरकडे जाताना नवी खिटी पकड घेते आणि जुनी आपोआप मोकळी फिरते, म्हणून थोडा जोर असला तरी चालतं. हलक्या गिअरकडे येताना मात्र भार पेलणारी खिटीच आत घ्यायची असते. पॅडलवर पूर्ण जोर असेल तर ती दातात रुतून बसते, आणि हँडलवरची गिअर बदलायची ग्रिप कितीही पिळली तरी गिअर उतरत नाही. पाय क्षणभर सैल सोडावे लागतात. दगडांच्या पायऱ्यांवर, वेग जवळजवळ शून्य असताना, तो क्षणच परवडत नाही. डिओर तिथे कटकट आवाज करत का होईना, गिअर देतो.

आणखी एक बारकावा विकत घेण्याआधी माहीत असावा. सी१.१२ मध्ये प्रत्यक्षात दोन उपगिअरबॉक्स आहेत, एक तीन गिअरांचा आणि एक चार गिअरांचा. ३ गुणिले ४ म्हणून १२. त्यामुळे ४ वरून ५ वर आणि ८ वरून ९ वर जाताना दोन्ही उपगिअरबॉक्स एकदम बदलतात, एक पुढे आणि दुसरा मागे. या दोन जागी जड गिअरकडे जातानाही पाय सैल सोडावा लागतो. सवय होते, पण त्यासाठी आपण कितव्या गिअरमध्ये आहोत याचं भान ठेवावं लागतं. पिनियनच्याच १८ गिअरांच्या पी१.१८ मध्ये हेच ६-७ आणि १२-१३ च्या मध्ये होतं.

मेकॅनिकल (केबलवर चालणाऱ्या) पिनियनला कंपनीकडून फक्त पिळायची ग्रिप मिळते, बोटाने दाबायचा ट्रिगर नाही. घामेजलेल्या किंवा चिखलाच्या हाताने ती निसटते, हातमोजे घालाच. २०२३ मध्ये आलेल्या स्मार्ट.शिफ्ट या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत ट्रिगर आहे, पण मग बॅटरीची काळजी आली.

ताकद किती वाया जाते हेही पाहायला हवं. स्वच्छ, तेल घातलेली चेन आणि डिरेलर ९५ ते ९७ टक्के ताकद चाकापर्यंत पोचवतात. पिनियनमध्ये दर वेळी दातेरी चाकांच्या दोन जोड्यांमधून ताकद जाते, वर तेल आणि सीलचं घर्षण. आकडा ९० टक्क्यांच्या आसपास येतो. २०० वॅटने चढणाऱ्याचे साधारण १० ते १४ वॅट जास्त जातात. शर्यतवाल्यासाठी निर्णय इथेच संपतो. होंडाच्या आरएन०१ या डाउनहिल सायकलीवर ग्रेग मिनारने २००५ चा वर्ल्ड कप किताब जिंकला, आणि तिच्या गाजलेल्या बंद डब्याच्या आत शेवटी चेन, चकत्या आणि डिरेलरचीच यंत्रणा निघाली! मात्र चिखलाने भरलेली, कोरडी पडलेली चेन ९५ टक्के देत नाही. भर पावसाळ्यात ही दरी बरीच मिटते.

वजनाने पूर्ण सायकल साधारण एक ते दीड किलो जड होते. पण ते वजन मध्यभागी, खाली बसतं, आणि मागच्या चाकावरून जवळपास ६०० ग्रॅमची कॅसेट आणि डिरेलर जातो. मागचं सस्पेन्शन त्यामुळे छोट्या-छोट्या दगडांवर स्पष्टपणे मऊ वागतं. एकाच चकतीमुळे हबच्या दोन्ही बाजूंचे स्पोक जवळपास सारख्या ताणाचे ठेवता येतात, चाक जास्त काळ सरळ राहतं. एक खटकणारी गोष्ट: बॉक्समध्ये खिट्या आणि हबमध्येही खिट्या, म्हणून पॅडल पकड घेण्याआधी थोडं मोकळं फिरतं. क्रँक पाव-अर्धी फेरी मारत दगड चुकवणाऱ्यांना हे आवडणार नाही. बारीक दातांचा, लवकर पकडणारा हब बसवला तर बराच फरक पडतो.

देखभालीत मात्र गिअरबॉक्स निर्विवाद जिंकतो. दर १०,००० किमीला किंवा वर्षातून एकदा ६० मिली तेल बदलायचं. गिअरचा खटका बॉक्सच्या आत असल्यामुळे केबल ताणली तरी गिअर चुकत नाही, फक्त ग्रिपला ढिलेपणा येतो. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवून तो काढायचा, एक-दोन मिमी मोकळीक मात्र ठेवायची. चेन कायम सरळ रेषेत चालते, त्यामुळे ती आणि चकत्या कित्येक पट टिकतात.

डिरेलरचं तसं नाही. देशावरची काळी चिकण माती पहिल्या पावसानंतर कॅसेट आणि जॉकी व्हीलच्या (डिरेलरच्या पिंजऱ्यातल्या छोट्या चाकांच्या) मध्ये थापली जाते. जॉकी व्हील अडकतं, चेन पिंजऱ्याला मागे खेचते, आणि अशा वेळी जोर लावला की पिंजरा सरळ स्पोकमध्ये. म्हणून चिखलात चेन जड वाटायला लागली की उतरा, काटकीने जॉकी व्हील मोकळी करा, मगच पुढे जा. कोकणातली लाल माती तितकी चिकटत नाही, पण तिचे कण चेन घासून काढतात. १२-स्पीड चेन, ताण मोजायच्या गेजवर ०.५ टक्के दाखवू लागली की बदला. ०.७५ पर्यंत ताणलीत तर कॅसेटही सोबत जाते, आणि खर्च तिथेच आहे.

गिअर चुकायला लागले की लोक आधी केबल पिळतात. आधी हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, पाहा. हँगर तपासायचं गेज त्याच्या आट्यांत बसवा, रिमवर वॉल्व्हजवळची जागा धरा आणि तीच जागा वर, मागे, खाली, पुढे नेत गेजपासूनचं अंतर मोजा. फरक ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर हँगर वाकलाय. १२-स्पीडला तो २ मिमीच्या आत आणलेला बरा. हँगर सरळ नसताना केलेलं बाकी सगळं सेटिंग फुकट. शिमानोची स्पर्धक स्रॅम हिने २०२३ च्या ट्रान्समिशन मालिकेत हँगरच काढून टाकला आणि डिरेलर थेट फ्रेमला, अॅक्सलवर बसवला. डिरेलरच्या बाजूने आलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे, फक्त स्वस्त नाही.

गिअरबॉक्ससोबत चेनऐवजी बेल्टही लावता येतो. त्याबद्दल स्पष्ट मत: हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीवर) घ्या, फुल सस्पेन्शनवर चेनच ठेवा. सस्पेन्शन दबलं की पुढच्या-मागच्या चकतीतलं अंतर बदलतं, म्हणून ताण टिकवणारा टेन्शनर लागतो. तो नीट बसवलेला नसेल तर बेल्ट दात सोडतो. शिवाय बेल्टसाठी फ्रेमची मागची बाजू उघडणारी हवी, आणि मधेच तुटला तर खिशातल्या क्विक लिंकने (चेन जोडायच्या सुट्या कडीने) जोडता येत नाही. टेन्शनर चेनलाही लागतोच, आणि काही फ्रेमवर तो पुन्हा मागच्या चाकापाशी लटकतो. मग गिअरबॉक्स घेऊन मिळवलं काय? फ्रेम निवडताना टेन्शनर चेनरिंगच्या (क्रँकवरच्या चकतीच्या) मागे, वर आहे ना ते आधी बघा.

जुन्या फ्रेमला पिनियन बसत नाही. त्यासाठी खास बनवलेली फ्रेमच लागते. नेहमीच्या दुकानातला मेकॅनिक बॉक्स उघडणार नाही आणि त्याने उघडूही नये. तेलाचा संच, सील आणि केबल सायकलीसोबतच मागवून ठेवा. डिओरचा हँगर, चेन, केबल पुण्या-मुंबईत सहज मिळते.

आठवड्याला दोनदा टेकडीवर जाणाऱ्याने, दगडांतल्या तांत्रिक चढांची आवड असणाऱ्याने किंवा शर्यतीत उतरणाऱ्याने डिओर घ्यावं, पिशवीत फ्रेमला जुळणारा जादा हँगर आणि दोन क्विक लिंक ठेवाव्यात. पावसाळाभर चिखलात सायकल हाकणाऱ्याने, सामान लादून दिवसेंदिवस दुकानापासून लांब राहणाऱ्याने, आणि एकच सायकल दहा वर्षं वापरायची ठरवलेल्याने हार्डटेलवरचा मेकॅनिकल सी१.१२ घ्यावा. पहिला महिना फक्त ४-५ आणि ८-९ वर पाय सैल सोडायची सवय करण्यात घालवावा.