‘डीएनए संरक्षण’ गोळ्या: दावा खरा, प्रमाण चुकलेलं (पाचपैकी दोन तारे)

सासूबाईंनी जाहिरात पाहून या गोळ्या मागवल्या. मी गुणसूत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे बाटली उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचून काढली.

फोलेट (बी९ जीवनसत्त्व) आणि बी१२ डीएनएला जपतात, या जाहिरातीतल्या दाव्यात तथ्य आहे. डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक असलेलं थायमिन तयार व्हायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की थायमिनच्या जागी युरॅसिल हे डीएनएत एरवी नसणारं अक्षर बसतं. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स ते कापून काढतात, पण फोलेटच नसल्याने तिथे पुन्हा युरॅसिल येतं. समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर जवळजवळ कापाकापी झाली, की गुणसूत्र तुटतं. तो तुकडा पेशी विभागताना मागे राहतो आणि मुख्य केंद्रकाशेजारी छोटा गोल ठिपका होऊन दिसतो. हाच मायक्रोन्यूक्लियस; असे ठिपके मोजणं माझं रोजचं काम. फोलेट कमी असलेल्या माणसांच्या डीएनएत युरॅसिल भरमसाट वाढतं आणि फोलेट दिल्यावर उतरतं, हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या गटाने १९९७ साली दाखवलं. बी१२ नसेल तर शरीरातलं फोलेटही एकाच रूपात अडकून पडतं, म्हणून दोन्ही लागतात.

आता गोळीकडे बघा. फॉलिक अ‍ॅसिड (गोळ्यांमधलं फोलेट) १ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेली दिवसाची कमाल मर्यादा एकाच गोळीत, आणि घ्यायच्या रोज दोन! बी१२ मात्र जेमतेम १ मायक्रोग्रॅम. हे मला अजिबात पटलं नाही. भरपूर फॉलिक अ‍ॅसिडने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी१२ची कमतरता तशीच राहिली तर मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. सासूबाई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, त्यानेही बी१२ कमी होऊ शकतं. त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्याच. मी आधी रक्त तपासायला लावलं. बी१२ फारच खाली निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि या गोळ्या घेऊ नका म्हणाले.

यात बीटा-कॅरोटीनही घातलंय. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या फिनलंडमधल्या चाचणीत त्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता. १९९४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिगारेट ओढणाऱ्यांनी ही बाटली घेऊच नये.

गोळ्या लहान आहेत, सहज गिळता येतील, पॅकिंगही नीट आहे. ‘आधी बी१२ तपासून घ्या’ एवढं लेबलवर छापलं असतं, तर आणखी एक तारा दिला असता.