नीटचा ऑनलाइन कोर्स, वय 41: आठ महिने वापरल्यानंतर

परवा दुपारी आईचा फोन. "अगं, तुझ्या क्लासचा मेसेज आलाय. आपला पाल्य आजच्या चाचणीस गैरहजर होता, म्हणे." नीट, म्हणजे एमबीबीएसची प्रवेश परीक्षा, होऊन दोन महिने झाले, निकाल लागला, कोर्सची मुदतही संपली. आणि पाल्य 41 वर्षांची आहे, त्या वेळी लॅबमध्ये सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायचं, मशीन धूत होती. म्हणून एकदाचं लिहायला बसले.

कोर्सचं नाव देत नाही. रेकॉर्डेड लेक्चर, टेस्ट सिरीज, डाउट सेक्शन, सगळं नेहमीचंच, त्याचं वर्णनही करत बसत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये 11,800 रुपये भरले आणि दिवाळीत तोच कोर्स 8,999 ला दिसला. ते दुःख वेगळं.

माझी खरी तक्रार नोंदणीच्या फॉर्मबद्दल आहे. जन्मवर्षाची यादी 1999 लाच संपते. माझं 1984. पूर्वी नीटला 25 वर्षांची कमाल मर्यादा होती, ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढल्याचं मार्च 2022 मध्येच जाहीर झालं. आता फक्त किमान 17 पूर्ण लागतात, वरती कितीही. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने तर 64 व्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतला, तेही 2020 मध्ये, मर्यादेचा वाद कोर्टात असतानाच. हे फॉर्म बनवणाऱ्याच्या कानावर गेलेलं नाही. कस्टमर केअरला विचारलं तर "मॅडम, कोणतंही टाका, चालतं." टाकलं 1999. त्या दिवसापासून ॲपच्या लेखी मी माझ्या भाचीपेक्षा लहान.

पुढचा रकाना पालकांचा मोबाईल. तो सोडता येत नाही आणि विद्यार्थ्याचाच नंबर घातला तर घेत नाही. नवऱ्याचा घालणार होते, पण मी चाचणी बुडवल्याचे मेसेज त्याच्याकडे जाणार हे मनाला पटेना. म्हणून आईचा घातला. आई 68 वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आपण काय केलंय हे तेव्हा कळलं नव्हतं.

अभ्यासाबद्दल. मी बारावी 2002 ची. माणसाची सगळी जनुकं वाचण्याचा ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट 2003 साली पूर्ण झाला, म्हणजे आज जे अभ्यासक्रमात आहे ते माझ्या बारावीच्या वेळी जगातच पूर्ण झालेलं नव्हतं. एवढा खड्डा भरून काढायला शिकवणारा कोणीतरी लागतो, आणि केमिस्ट्रीचे सर खरंच चांगले होते. फक्त त्यांनी शिकवलेलं सॉलिड स्टेट मी दोन आठवडे, रोज रात्री ड्युटीवरून आल्यावर, मन लावून ऐकलं, नोट्स काढल्या, आणि मग समजलं की 2024 च्या परीक्षेपासून हा धडा नीटच्या अभ्यासक्रमातच नाही. सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, तेही गेलेत. कंपनीने जुनी लेक्चरं तशीच ठेवलीत, वर साधी पाटीसुद्धा नाही. सतरा वर्षांच्या मुलाकडे अख्खा दिवस असतो. माझ्याकडे रात्री पावणेदहा ते बारा.

आता प्लेटलेट्स. हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नोव्हेंबरच्या एका चाचणीत प्रश्न होता, रक्तातल्या प्लेटलेट्सची सामान्य संख्या किती. मी डोळे झाकून दीड ते साडेचार लाखांवर टिक केलं. अठरा वर्षं तीच रेंज मी दर रिपोर्टवर छापतेय. चूक! मिळायचे चार गेले, वर निगेटिव्हचा एक. उत्तर दीड ते साडेतीन लाख. डाउट सेक्शनमध्ये मी जवळजवळ निबंध लिहिला, आमच्या रिपोर्टचा फोटो जोडला. तिसऱ्या दिवशी तीन शब्द आले: "एनसीईआरटी फॉलो करा."

आठवडाभर धुमसत होते. मग एनसीईआरटी, म्हणजे नीटचा पेपर ज्यावर बेततात ते शालेय पाठ्यपुस्तक, उघडलं. त्यात दीड ते साडेतीनच आहे. पांढऱ्या पेशी सहा ते आठ हजार आहेत, आम्ही चार ते अकरा छापतो. तेव्हा लक्षात आलं की माझा अनुभव हीच माझी अडचण आहे. परीक्षा पुस्तकाची आहे, लॅबची नाही. त्या तीन शब्दांबद्दल मी त्यांना आधी एक तारा दिला होता, तो तीन केला. पण सल्ला फुकटचाच होता आणि एनसीईआरटीची पुस्तकंही वेबसाईटवर फुकट मिळतात, तेव्हा 11,800 कशाचे, हा प्रश्न उरतोच.

जानेवारी 2025 च्या अखेरीस परीक्षा घेणाऱ्या एनटीएने पॅटर्न बदलला. ऐच्छिक प्रश्न गेले, वाढीव वीस मिनिटं गेली, सरळ 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. ॲपवरच्या चाचण्या मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 200 प्रश्नांच्याच चालू होत्या. शिवाय ॲपवर बोटाने टिचकी मारायची आणि खरी परीक्षा उत्तराचे गोल भरायच्या ओएमआर शीटवर, बॉलपेनने. मी शंभर कोऱ्या शीटच्या झेरॉक्स काढून गोल भरायचा सराव केला. चष्मा वर-खाली करत पहिल्यांदा 41 मिनिटं गेली नुसती गोल भरण्यात, म्हणजे पेपरचा जवळजवळ पाव वेळ. एप्रिलपर्यंत 22 वर आणलं. चाळिशी लागलेल्यांनो, हे कोणी सांगणार नाही, शीटच्या झेरॉक्स आधी काढा.

आता आईकडे येते, कारण इथे माझं मत बदललंय. सुरुवातीच्या अकरा चाचण्यांपैकी मी तीन दिल्या होत्या. रविवारी सकाळी चाचणी आणि रविवारी सकाळीच उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्यांची रांग. डिसेंबरात घरी गेले तर आईने टेबलावर वही ठेवली. तिच्या सुबक अक्षरात तारखा, पुढे ह किंवा गै. आठ गै. शाळेतला हजेरीपट जसा भरायची तसाच. "सलग चार रविवार गैरहजर. कारण?" मी 40 वर्षांची बाई, मला कारण सांगता येईना. मग लॅबच्या डॉक्टरांशी बोलून रविवारची ड्युटी दुपारची घेतली. पुढच्या 29 चाचण्यांपैकी 26 दिल्या. ज्या सोयीवरून मी कंपनीशी भांडत होते, अख्ख्या कोर्समध्ये तेवढीच एक माझ्यावर चालली.

निकाल: 438. बायोलॉजी 265, केमिस्ट्री 112, फिजिक्स 61. 2025 ला खुल्या गटाची पात्रता 144 वर होती, त्यामुळे लॅबमध्ये 'पास झाली' म्हणून पेढे वाटले गेले. पात्रता आणि प्रवेश यांत केवढं अंतर आहे ते पेढा खात खात कोणाला समजावणार! एवढ्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळणार नाही आणि खाजगीची फी माझ्या आवाक्यातली नाही. यंदाचा विषय तिथे संपला. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक इंटर्नशिपचं, हे वयाचं गणित मी फॉर्म भरण्याआधीच केलं होतं, त्यामुळे कमेंटमध्ये ते कोणी पुन्हा करून दाखवू नये.

कोर्स घ्यावा का? फिजिक्स कच्चं असेल तर फक्त फिजिक्सचा, दिवाळीत. बाकी पुस्तक आणि जुने पेपर.

पालकांचा नंबर काढून टाका म्हणून मी तीनदा लिहिलं. परवाच्या मेसेजनंतर चौथ्यांदा लिहिलं तेव्हा उत्तर आलं की अशी विनंती पालकांनी स्वतः करावी. आईला म्हटलं, तूच कळव त्यांना.

"कळवते की. पण पुढच्या वर्षीचं तू अजून ठरवलं कुठेय?" ती म्हणाली. वहीत तिने मेच्या खाली रेघ मारून जुलै लिहिलंय, आणि परवाच्या तारखेपुढे गै.